विद्याशाखा, डीन आणि अभ्यास मंडळ : वाचकांचे प्रश्न

विद्यापीठाचा अंतर्गत कारभार कसा चालतो, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. महाराष्ट्रातल्या प्रश्नांची उत्तरं 'महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६' धरून दिली आहेत. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा विद्यापीठांचा कारभार त्यावर चालतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, राहुरी-अकोला-परभणी-दापोलीची कृषी विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यांचे कायदे वेगळे आहेत. तिथला प्रश्न असेल तर आधी त्यांचा कायदा उघडा.

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय भौतिकशास्त्र. ओपन इलेक्टिव्ह म्हणून तिला कॉम्प्युटर हवा होता. कॉलेज म्हणतं, मिळणार नाही, वाणिज्य किंवा मानव्यविद्येतला विषय घ्या. विषय 'ओपन' असेल तर ही सक्ती कसली?
— पालक, नाशिक

उत्तर : कॉलेज नियमाला धरूनच बोलतं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय काढला. त्यात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, हा मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच (फॅकल्टीबाहेरचाच) घेतला पाहिजे, असं बंधन आहे. त्यासाठी पहिल्या दोन वर्षांत मिळून १० ते १२ क्रेडिट (शिकण्याच्या तासांवरून ठरणारे एकक) ठेवलेले असतात.

गोंधळ होतो तो विद्याशाखा फार मोठ्या असल्यामुळे. २०१६च्या कायद्यात विद्याशाखा फक्त चार आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. आधीच्या १९९४च्या कायद्यात विधी, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा अनेक शाखा स्वतंत्र होत्या. पुणे विद्यापीठात तर कला वेगळी आणि मानसनीती व सामाजिक शास्त्रं वेगळी होती. आता भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि फार्मसी सगळे एकाच छपराखाली आले आहेत. कायद्याच्या नजरेत तुमच्या मुलीसाठी कॉम्प्युटर हा 'बाहेरचा' विषय उरलेलाच नाही. (मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं तेव्हाही विद्याशाखा चारच होत्या : कला, विधी, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी. फक्त तेव्हा विषयच मोजके होते.)

वाट मात्र बंद झालेली नाही. मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीच्या दुय्यम विषयासाठी १८ ते २० क्रेडिट असतात आणि तो त्याच विद्याशाखेतला चालतो. म्हणजे भौतिकशास्त्र मुख्य आणि कॉम्प्युटर सायन्स मायनर ही जोडी नियमात बसते, कॉलेजात तो विषय शिकवायची सोय असेल तर. तेव्हा कॉलेजला 'ओपन इलेक्टिव्ह का देत नाही' असं विचारू नका. 'मायनरच्या यादीत कोणते विषय आहेत आणि तो कोणत्या सत्रात निवडायचा' असं विचारा. अर्थशास्त्र मुख्य असलेल्या मुलाला मानसशास्त्र हवं असतं तेव्हाही हाच घोळ होतो, कारण दोन्ही मानव्यविद्येत येतात.

भूगोल, गणित, मानसशास्त्र हे विषय बी.ए. आणि बी.एस्सी. अशा दोन्हीकडे शिकवले जातात. अशा वेळी अंदाज बांधू नका. त्या विषयाचं अभ्यास मंडळ (अभ्यासक्रम ठरवणारी समिती) कोणत्या विद्याशाखेत दाखवलं आहे, ते विद्यापीठाच्या यादीत पाहा.

प्रश्न : मी वृत्तपत्रविद्या शिकवते. माध्यमविषयक कायद्यांच्या पेपरमध्ये अजून भारतीय दंड संहितेची कलमं छापलेली आहेत. बदल सुचवायचा तर अर्ज कुलगुरूंना करायचा, डीनना की आणखी कोणाला? यापूर्वी कुलगुरूंना दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.
— सहायक प्राध्यापक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : पत्र चुकीच्या दारात गेलं. कुलगुरू कार्यालयातून ते शैक्षणिक विभागात जातं, तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे सरकतं आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कोणी घेतलं नाही की फायलीत पडून राहतं. अभ्यासक्रमाचा मजकूर ठरवण्याची सुरुवात अभ्यास मंडळात, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये होते. मंडळाची शिफारस विद्याशाखेच्या बैठकीत जाते, तिथून विद्या परिषदेत, म्हणजे शैक्षणिक बाबींवर निर्णय घेणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळात. परिषदेने मान्यता दिली की परिपत्रक निघतं. शुल्क, प्रवेशाची पात्रता किंवा परीक्षेचे नियम बदलणार असतील तर अध्यादेशाचा, म्हणजे विद्यापीठाच्या नियमावलीचा प्रश्न येतो आणि प्रकरण व्यवस्थापन परिषदेपर्यंत जातं. तुमच्या बाबतीत तसं काही नाही, नुसती कलमं बदलायची आहेत.

पत्र अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांच्या नावे लिहा, प्राचार्यांच्या सहीने पाठवा आणि प्रत शैक्षणिक विभागाला द्या. 'अभ्यासक्रम कालबाह्य आहे' एवढंच लिहिलं तर मंडळ 'नोंद घेतली' म्हणून पुढे जातं. त्याऐवजी तीन रकान्यांचा तक्ता जोडा : आत्ताचा मजकूर, प्रस्तावित मजकूर, कारण. पेपरचा संकेतांक, सत्र आणि घटक क्रमांक वर लिहा. नमुन्यादाखल एक ओळ अशी : घटक ३, 'बदनामी, भारतीय दंड संहिता कलम ४९९ व ५००' याऐवजी 'बदनामी, भारतीय न्याय संहिता कलम ३५६', कारण, नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू. असा तक्ता बैठकीत जसाच्या तसा ठराव म्हणून मंजूर करता येतो. कोणाला घरी जाऊन मसुदा करत बसावं लागत नाही आणि म्हणून तो मंजूरही होतो.

तासांचा हिशेब तपासून द्या. लेखी पेपरचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. ४ क्रेडिटचा लेखी पेपर ६० तासांचाच असला पाहिजे. घटकांपुढे १५, १५, १५, १८ असे तास टाकले की बेरीज ६३ होते आणि विद्याशाखेच्या छाननीत प्रस्ताव परत येतो. नवा मजकूर घालताना जुना काढायला मन धजत नाही, म्हणून ही चूक जवळजवळ प्रत्येक वेळी होते. जेवढे तास वाढवाल तेवढे दुसरीकडून कमी करा.

वेळेचा हिशेब उलटा धरा. जूनपासून बदल हवा असेल तर विद्या परिषदेची मान्यता एप्रिल-मेपर्यंत मिळायला हवी, त्याआधी विद्याशाखेची बैठक, म्हणजे मंडळाचा ठराव डिसेंबर-जानेवारीत झालेला बरा. फेब्रुवारीत पाठवलेलं पत्र सहसा पुढच्या वर्षावर जातं. वर्ष सुरू झाल्यावर मधेच अभ्यासक्रम बदलू नये, कारण त्याच मुलांची परीक्षा आधीच जाहीर झालेल्या मजकुरावर व्हायची असते. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या-नव्या पेपरचा समकक्षता तक्ताही (कोणत्या जुन्या पेपरऐवजी कोणता नवा) ठरावासोबत द्या. तो नसला की पुढची दोन वर्षं परीक्षा विभाग आणि कॉलेजं यांच्यात पत्रव्यवहार चालू राहतो आणि त्यात निकाल मुलांचे अडकतात.

फारच निकड असेल तर कायद्याचं कलम १२(७) आहे. एखादी बाब थांबू शकत नसेल तर कुलगुरू संबंधित प्राधिकरणाच्या (विद्या परिषदेसारख्या मंडळाच्या) वतीने निर्णय घेऊ शकतात आणि नंतर तो त्या प्राधिकरणापुढे ठेवतात. विद्यापीठाच्या परिपत्रकांत या कलमाचा उल्लेख वारंवार दिसतो. इतका वारंवार दिसावा, हे चांगलं लक्षण नाही. अपवादासाठी ठेवलेली वाट रोजची झाली की विद्याशाखेच्या बैठकीत चर्चेला काही उरत नाही, झालेल्या निर्णयाची नोंद तेवढी होते. तरी तुमच्या बाबतीत मंडळाने ठराव केला आणि परिषदेची बैठक लांब असली, तर अध्यक्षांनी या कलमाखाली मान्यता मागणं रास्त आहे.

तोवर वर्गात नवी संहिता शिकवाच, पण जुनं कलमही सांगा. प्रश्नपत्रिका काढणारा छापील अभ्यासक्रम समोर ठेवून बसतो. या वर्षी उत्तरात दोन्ही कलमं ग्राह्य धरावीत, एवढं स्पष्टीकरण अध्यक्षांमार्फत परीक्षा विभागाला पाठवायला सांगा. त्याला ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : आमच्या काळी डीन निवडून यायचे आणि शिक्षकांना विचारून चालायचे. आता ते नेमले जातात. यात फायदा कोणाचा?
— निवृत्त प्राध्यापक, नागपूर

उत्तर : १९९४च्या कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे डीन, विद्याशाखेचे सदस्य आपल्यातून निवडत. पद मानद होतं. आपल्या कॉलेजातले तास घेऊन, उरलेल्या वेळात माणूस विद्यापीठात यायचा. २०१६च्या कायद्याने हे पद पूर्णवेळ आणि वेतन असलेलं केलं. निवड समिती शिफारस करते आणि कुलगुरू नेमणूक करतात. मदतीला सहयोगी अधिष्ठाता असतात, तेही नामनिर्देशित.

पूर्णवेळ माणूस हवाच होता. एका विद्याशाखेत डझनावारी अभ्यास मंडळं आणि शेकडो कॉलेजं असतात, तिथे फावल्या वेळातला कारभार चालत नाही. हा फायदा खरा आहे. पण अधिष्ठात्यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधली गेली. कुलगुरू गेले की त्यांच्यासोबत चारही अधिष्ठाते जातात, नवे कुलगुरू येईपर्यंत 'प्रभारी' म्हणून कोणाकडे तरी कार्यभार दिला जातो आणि प्रभारी माणूस मोठा निर्णय घ्यायला कचरतो. नवीन अभ्यासक्रम, विभागांची पुनर्रचना, परदेशी विद्यापीठांशी करार हे सगळं त्या काळात थांबतं.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. निवडून आलेल्या डीनला निदान मतदारांना तोंड द्यावं लागायचं. नेमलेला डीन वरच्या दिशेला उत्तरदायी राहतो. आमच्या मते पूर्णवेळ पद राखून त्याची मुदत कुलगुरूंपासून सोडवायला हवी.

एक गैरसमज मात्र दूर व्हावा. डीन स्वतःच्या सहीने अभ्यासक्रम बदलू शकत नाहीत, तेव्हाही नाही आणि आताही नाही. ते विद्याशाखेच्या बैठकीचे अध्यक्ष असतात. त्या बैठकीत मुख्यतः अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि मंडळांचे प्रतिनिधी बसलेले असतात. मंडळं नीट भरलेली नसतील तर विद्याशाखेची बैठकही अर्धी रिकामी राहते. म्हणून डीन कोण झालं याची जेवढी चर्चा होते, तेवढी अभ्यास मंडळांवर कोण गेलं याचीही व्हायला हवी.

प्रश्न : मी महाविद्यालयात विभागप्रमुख आहे. अभ्यास मंडळाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मतदान करणार आहे. पसंतीक्रमाची पद्धत समजावून सांगा. मागच्या वेळी पुष्कळ मतं बाद झाली असं ऐकलं.
— विभागप्रमुख, सोलापूर

उत्तर : मंडळाची रचना आधी थोडक्यात. विद्यापीठ विभागाचे प्रमुख पदसिद्ध, सहा शिक्षक कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले, तीन जण विभागप्रमुखांच्या मतदार गणातून निवडून आलेले आणि बाहेरची विद्यापीठं व उद्योग-व्यवसाय यांतले तज्ज्ञ स्वीकृत सदस्य म्हणून. निवडून येणारे तीनच आहेत, तेव्हा तुमच्या मताचं मोल मोठं आहे.

मतपत्रिकेवर ज्यांना पहिली पसंती द्यायची त्यांच्या नावापुढे १ हा अंक लिहा, मग २, ३ असे पुढे. बरोबरची खूण, फुली, गोल, अक्षरी 'एक' असं काही करू नका. १ हा अंक कुठेच नसेल किंवा दोघांपुढे असेल तर मतपत्रिका बाद होते. १ लिहून २ सोडून थेट ३ लिहिलं तर पहिली पसंती मोजली जाते, पण पुढची साखळी तुटते. केंद्रावर दिलेलाच पेन वापरा. सही, नाव, कसलीही ओळखीची खूण नको. बाद होणाऱ्या मतांत सवयीने केलेली बरोबरची खूण हे नेहमीचं कारण असतं.

मोजणी कोट्यावर होते. वैध मतांना जागांपेक्षा एकाने जास्त असलेल्या संख्येने भागायचं आणि पूर्णांकात एक मिळवायचा. जागा ३ आणि वैध मतं २०० असतील तर २०० भागिले ४ म्हणजे ५०, अधिक १, कोटा ५१. ज्याला पहिल्या पसंतीची ५१ मिळाली तो निवडून आला. त्याच्याकडे जास्तीची मतं असतील तर ती त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे ठरावीक मूल्याने वळतात. कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत कमी मतं असलेला बाहेर जातो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला मिळतात. म्हणून फक्त १ लिहून थांबू नका. तुमचा उमेदवार बाहेर गेला तर तुमची मतपत्रिका तिथेच संपते.

त्याआधी मतदार यादीत नाव आहे का ते पाहा, कारण खरी गळती तिथेच होते. कॉलेजने विभागप्रमुख बदलल्याचं विद्यापीठाला कळवलेलं नसतं आणि यादीत निवृत्त झालेल्या सरांचं नाव तसंच राहतं. कच्ची यादी लागली की आक्षेपासाठी मोजके दिवस मिळतात. त्या मुदतीत प्राचार्यांचं पत्र, शिक्षक मान्यतेच्या पत्राची प्रत आणि विभागप्रमुख म्हणून दिलेला कार्यभार आदेश, असे तीन कागद द्या. पक्की यादी लागल्यावर नाव घालणं फार अवघड होतं.

प्रश्न : आमचं कॉलेज स्वायत्त झालं. आता विद्याशाखा आणि डीन यांचा संबंध संपला का?
— विद्यार्थी प्रतिनिधी, ठाणे

उत्तर : अभ्यासक्रमापुरता बऱ्याच अंशी संपला. स्वायत्त कॉलेजचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि स्वतःची विद्या परिषद असते. मंडळाचे अध्यक्ष विभागप्रमुख. त्यात बाहेरच्या विद्यापीठांतले विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगातला प्रतिनिधी आणि एक माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. विषयाबद्दल तक्रार असेल तर तुमच्या विभागप्रमुखांकडेच जा, विद्यापीठात खेटे घालू नका. पदवी विद्यापीठाचीच मिळते, प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव येतं. बैठकांची इतिवृत्तं कॉलेजच्या संकेतस्थळावर असायला हवीत. नसतील तर मागा.

प्रश्न : पुनर्मूल्यांकनाचा निकाल तीन महिने लागला नाही. डीनना भेटावं का?
— विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : नाही. परीक्षा आणि निकाल हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाचं काम, कार्यालय परीक्षा संचालकांचं. अर्जाची पावती, आसन क्रमांक आणि पेपरचा संकेतांक घेऊन तिथेच लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. डीन फार तर शिफारस करतील.

प्रश्न : पणजीत राहणाऱ्या भाचीच्या अर्जावर 'फॅकल्टी'ऐवजी 'स्कूल' लिहिलं आहे. गोव्यात विद्याशाखा नाहीत का?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : गोवा विद्यापीठाने अलीकडच्या वर्षांत आपले विभाग एकत्र करून 'स्कूल' केली आहेत. भाषांसाठी शणै गोंयबाब स्कूल, सामाजिक शास्त्रांसाठी डी. डी. कोसंबी स्कूल, वाणिज्य-व्यवस्थापनासाठी गोवा बिझनेस स्कूल. प्रत्येकाला डीन आणि उपडीन असतात. महाराष्ट्राचा कायदा तिथे लागू नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनीत एम.एस्सी. करतो आहे. भारतातल्या एका पेपरचे क्रेडिट तिथे धरायला नकार आला. प्राध्यापक म्हणतात, माझ्या हातात नाही. मग कोणाच्या हातात आहे?
— पालक, पुणे

उत्तर : तिथे विद्याशाखेला 'फाकुलटेट' म्हणतात आणि तिची निवडून आलेली परिषद असते, 'फाकुलटेट्सराट'. तीत प्राध्यापक, संशोधन सहायक, कर्मचारी आणि विद्यार्थी अशा चारही गटांचे प्रतिनिधी बसतात. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २९ मे १९७३ रोजी निकाल दिला की संशोधनाच्या बाबतीत प्राध्यापकांचं मत निर्णायक राहिलं पाहिजे. त्यामुळे परिषदेत त्यांचं पारडं जड असतं, पण विद्यार्थ्यांचा आवाज तिथे प्रत्यक्ष मतासह असतो.

क्रेडिट धरायचे की नाही, हे परीक्षा समिती ठरवते, 'प्र्यूफुंग्सआउसशुस'. विषयाचे प्राध्यापक तिला फक्त अभिप्राय देतात. नकार तोंडी किंवा ईमेलवर आला असेल तर मुलाने समितीकडून कारणासहित लेखी निर्णय मागावा. त्या पत्राच्या शेवटी हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची ते छापलेलं असतं. मुदत सहसा एक महिन्याची असते. ती चुकवू नये, कारण नंतर चांगलं कारणही ऐकलं जात नाही. प्रत्येक राज्याचा उच्चशिक्षण कायदा वेगळा आहे, म्हणून मित्राच्या विद्यापीठातला नियम आपल्याला लागू धरू नये.

हरकतीसोबत भारतातल्या पेपरचा तपशीलवार अभ्यासक्रम द्यायला हवा. नुसती गुणपत्रिका पुरत नाही, कारण तीवर विषयाचं नाव आणि गुण एवढंच असतं. घटक, तास, क्रेडिट, परीक्षेचं स्वरूप आणि संदर्भग्रंथ यांसह तो मजकूर इंग्रजीत, विद्यापीठाच्या शिक्क्यासह हवा. मुलगा ज्या वर्षी तो पेपर शिकला, त्या वर्षी लागू असलेलीच आवृत्ती मागा. कार्यालयातून बहुतेक वेळा आत्ताची आवृत्ती हातात दिली जाते आणि मग घटक जुळत नाहीत. जुनी आवृत्ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या परिपत्रकांत किंवा कॉलेजच्या विभागात मिळते. पाठवण्याआधी मुलाने विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी मंडळाला, म्हणजे 'फाखशाफ्ट'ला भेटावं. यापूर्वी भारतीय विद्यापीठांचे कोणते पेपर समितीने धरले आहेत, याची माहिती तिथे मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.